साठ दिवसांची टेकरी (प्रकल्प नोंदी, इंदूर)

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून नोंदी लिहायच्या ठरवल्यात, कारण पुण्याच्या नोकरीत प्रत्येक प्रोजेक्टनंतर "हे आपण असं का केलं होतं" हे कुणालाच आठवायचं नाही, मलाही नाही.

तर काम असं आहे. परदेशीपुऱ्याच्या बाजूला, जुन्या मिल एरियात एका ट्रस्टचा दवाखाना आहे, नाव लिहीत नाही. केस पेपर दहा रुपये, बीपी-शुगरच्या गोळ्या तीस दिवसांच्या फुकट. पेशंट म्हणजे सेवची पाकिटं भरणाऱ्या बायका, हातठेलेवाले, रेडीमेडची शिलाई घरी आणणारे, सांवेर रोडच्या कारखान्यांत रोजावर जाणारे आणि बंद पडलेल्या मिलांचे म्हातारे कामगार. ट्रस्टींचं म्हणणं, लोक दोन-तीन महिने नीट येतात आणि मग गायब. "तू डेटावाली ना, मग कोण गायब होणार ते आधीच सांग, आपण फोन करू." ऐकायला अगदी सरळ.

आयुष्मान कार्ड बऱ्याच जणांकडे आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं, पण ते चालतं ॲडमिट झाल्यावर, रोजच्या ओपीडीला आणि रोजच्या गोळीला नाही. म्हणजे लकवा मारला तर पाच लाखांची सोय, आणि मारू नये याची सोय दहा रुपयांच्या केस पेपरवर.

डेटा तीन वर्षांचा. पहिली दीड वर्षं रजिस्टरमध्ये, पुढचं एक्सेलमध्ये. रजिस्टरला चहाचा वास येतो.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर नावं. एकाच बाईचे तीन केस पेपर, कारण जुना हरवला की नवा काढतात, दहा रुपयांत कोण शोधत बसणार. सुनीता, सुनिता, सुनीताबाई, सुनिता बाई, आणि इंग्रजीतून टाइप केलेलं वेगळंच. जारो-विंकलर (दोन नावांची अक्षरं किती जुळतात ते मोजायची पद्धत) लावून सारखी नावं जवळ आणली, पण नुसत्या नावावर जोडलं तर परदेशीपुऱ्यातल्या निम्म्या सुनीता एकच बाई होतील, म्हणून नवऱ्याचं नाव, गल्ली आणि वय पण घेतलं. मोबाईल नंबरवर जोडायचा मोह झाला होता. बरं झालं नाही जोडलं, एका नंबरवर सासू, दोन सुना आणि शेजारची काकू निघाली.

वयाचा तर आनंदच. पन्नास, पंचावन्न, साठ. एक्सेलमध्ये सगळ्यांचा जन्म १ जानेवारीचा. जनगणनावाले यासाठी व्हिपल इंडेक्स काढतात, २३ ते ६२ वयांतले शून्य आणि पाचवर संपणारे किती ते बघायचे, शंभर आलं तर वयं खरी आणि पाचशे आलं तर सगळेच शून्य-पाचवाले. माझा आकडा लिहायलाही लाज वाटते.

बीपीचंही तेच. १४०/९०, १५०/९०, १६०/१००. माणसाचं रक्त काही दहाच्या पाढ्यात वाहत नाही. सिस्टर म्हणाल्या, "अहो ताई, काट्याच्या मशीनवर सत्तर पेशंट बघायचे असले की मध्ये काय दिसतं ते दिसतं." रास्त आहे. ट्रस्टकडे दोन डिजिटल मशीन मागितलीत. माझ्या मते या प्रोजेक्टमधली आत्तापर्यंतची सगळ्यात उपयोगी ओळ हीच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईचे तिळगूळ घेऊन दवाखान्यात गेले आणि काउंटरवर बसून लोकांची वयं विचारली. "वय किती" विचारलं की "होगी पचास-साठ", दहा वर्षांचा फरक त्यांच्या गावीही नाही. मग औषधवाल्या काकांनी युक्ती सांगितली, साल विचारायचंच नाही. इंदिरा गांधी गेल्या तेव्हा लग्न झालेलं होतं का? हुकुमचंद मिल बंद झाली तेव्हा मोठं लेकरू कितवीत होतं? १९८४ आणि १९९१, दोन खुंट्या, त्यावर सगळ्यांची वयं टांगता येतात. एक आजी, मूळच्या खानदेशातल्या, त्यांचे यजमान हुकुमचंदला होते, "मिल बंद झाली त्या साली माझी थोरली दहावीला बसली न्" असं सांगितलं. रजिस्टरमध्ये वय पंचावन्न, हिशेबाने निघाल्या सत्तरीच्या आसपास. मिलचे अडकलेले पैसे शेवटी २०२३ च्या डिसेंबरात सुटले, तोवर यजमान नव्हते.

या आजी पुढे परत येणार आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिलं मॉडेल, म्हणजे कोण गायब होणार याचा कम्प्युटरचा अंदाज. लेबल, म्हणजे "गायब" कुणाला म्हणायचं ते, असं की शेवटच्या भेटीनंतर ४५ दिवसांत आला नाही तर "गायब", तीस दिवसांच्या गोळ्या आणि वर पंधरा दिवसांची सवलत. साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, एयूसी (अंदाज किती चांगला त्याचा आकडा, ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक) ०.९१. मी खुर्चीतून उठले, खाली जाऊन गराडू (तळलेला कंद) खाल्ले, जीरावन, म्हणजे इकडचा चटपटीत मसाला, जास्त टाकून.

२२ जानेवारी, बुधवार

गराडू वाया गेले. "फोन केला का" हा कॉलम मी मॉडेलमध्ये टाकला होता आणि तो सिस्टर फक्त उशीर झालेल्या पेशंटसाठीच भरतात, म्हणजे उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर सोडवला. तो काढल्यावर ०.६४. पुण्यात ज्युनियर पोरांना मी याच चुकीवर, लीकेजवर, लेक्चर द्यायचे.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय पण लिहिते. ०.६४ तर ०.६४ म्हणून मॉडेलने वर काढलेल्या चाळीस जणांना व्हॉट्सॲप मेसेज पाठवला होता, मजकूर माझा, "आपकी शुगर की दवा खत्म हो गई होगी, कृपया केंद्र पर आएँ." त्यातला एक नंबर पेशंटचा नव्हताच. ती बाई ज्या घरी स्वयंपाक करते त्या घरच्या मॅडमचा होता, तिच्याकडे स्वतःचा फोन नाही म्हणून कधीतरी तो लिहून दिलेला. मॅडमनी विचारलं, तुला शुगर आहे आणि सांगितलं नाहीस? आता तिला स्वयंपाकाचं सोडून नुसतं झाडू-पोछ्याचं काम दिलंय, पगार कमी.

ती दवाखान्यात आली. ओरडली नाही, रडली नाही, नुसतं म्हणाली, "दीदी, वो नंबर हटा दो."

हटवला. मेसेजमधून आजाराचं नाव काढलं, आता नुसतं "आपकी अगली तारीख" एवढंच जातं. एक्सेलमध्ये नवा कॉलम, "नंबर कोणाचा" आणि "मेसेज पाठवला तर चालेल का". २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मी वाचलेला आहे, संमती वगैरे सगळं पाठ आहे, पण हा कॉलम तेव्हा सुचला नाही. तिचा पगार काही त्या कॉलमने परत येत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॉडेल बाजूला ठेवून आज नुसता हिस्टोग्राम काढला, दोन भेटींमध्ये किती दिवस गेले आणि असे किती जण, त्याचा आलेख. खरं तर हेच पहिल्या दिवशी करायचं असतं, सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. अपेक्षा अशी की तीसच्या आसपास एक डोंगर आणि पुढे उतार. डोंगर आहे. पण उतार संपता संपता ५८ ते ६१ दिवसांवर अजून एक उंचवटा, देवासला शिरताना टेकरी दिसते तसा, सपाट जमिनीतून मध्येच उठलेला.

गायब होणारा माणूस असा तारखेवर येत नाही. कोणी ४७ ला यावं, कोणी ८०ला, कोणी कधीच नाही. हे लोक शिस्तीत साठ दिवसांनी येतायत, आणि माझ्या लेबलप्रमाणे ते सगळे "गायब".

आधी वाटलं दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या असतील. काकांनी स्टॉक रजिस्टर उघडून दाखवलं, तीसच, प्रत्येक वेळी. मग वाटलं मधला महिना सरकारी संजीवनी क्लिनिकमधून घेत असतील. काही जण घेतातही. पण सगळेच?

टेकरीवरच्या लोकांची यादी काढली, आणि त्यात मिलवाल्या आजी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आशा ताईंबरोबर आजींच्या घरी गेले. एक खोली, वर पत्रा, कपाटावर यजमानांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. गोळ्या कुठे ठेवता विचारलं तर आजींनी जीरावनची रिकामी डबी काढली, बाहेर अजून नाव छापलेलं, आत पांढरे बारीक तुकडे. अर्ध्या गोळ्या. सगळ्या.

"आजी, ह्या तोडलेल्या का?"

"तोडलेल्या नाही, कातरलेल्या," आजी म्हणाल्या आणि अडकित्ता दाखवला. यजमान सुपारी खायचे, त्यांचा, पितळी. एकेक गोळी पात्याखाली धरून कट्ट. त्यांनी करून दाखवलं, हात जरासुद्धा हलला नाही, दोन तुकडे इतके सारखे की माझ्या हातून सुरीने झाले नसते.

मी विचारलं, गोळ्या तर फुकट आहेत, मग पुरवून का घेता? आजी माझ्याकडे बघत राहिल्या, "पोरी, गोळी फुकट आहे पण दवाखाना नऊ ते बारा आहे." सून सकाळी सेवच्या कारखान्यात जाते, साडेआठला आत नाही गेली तर त्या दिवसाचे साडेतीनशे गेले. आजींना रस्ता ओलांडायला कोणीतरी बरोबर लागतं, म्हणजे सुनेची सुट्टी, ई-रिक्षा दोघींची दोन्हीकडून, मग रांग. महिन्याला एक सुट्टी परवडत नाही, दोन महिन्यांनी एक परवडते. तीस गोळ्या, साठ अर्ध्या. संपायच्या दोन दिवस आधी यायचं. अठ्ठावन्न.

या हिशेबात कुठेही चूक नाही. चूक काढायचीच तर माझ्या ४५ मध्ये.

१६ फेब्रुवारी, रविवार

टेकरीवरची अजून दहा घरं झाली. आजी धरून अकरांपैकी सात घरी अर्ध्या गोळ्या. एकजण दिवसाआड पूर्ण घेतो, "एक दिन मैं, एक दिन छुट्टी". दोन घरी नवरा-बायको दोघांना बीपी आणि एकाच्याच नावाने केस पेपर, गोळी वाटून. राहिलेला एक खरंच संजीवनीतून घेतो. अकरा घरांवरून टक्के काढणार नाही.

एका घरी मेटफॉर्मिनची (शुगरची) एसआर गोळी तोडलेली दिसली. ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, मोडली की औषध एकदम सुटतं, पोट बिघडतं. त्या काकूंचं "गोळी मानवत नाही" म्हणून दोन वेळा बंद केलेलं रजिस्टरमध्ये आहे. मानवत नव्हती कारण मोडलेली होती, आणि हे माझ्या कुठल्याच कॉलममध्ये येणार नव्हतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर सरांशी बसले. सर मानद आहेत, सकाळचे तीन तास इथे देतात, दुपारनंतर स्वतःची प्रॅक्टिस, त्यामुळे संध्याकाळची ओपीडी म्हटलं की विषय संपतो आणि मला त्यांना दोषही देता येत नाही.

आजींचा कागद समोर ठेवला. अम्लोडिपिन, बीपीची गोळी, अडीच मिलिग्रॅमवर सुरू, मग पाच, मग दहा. प्रत्येक वेळी बीपी जास्त आलं म्हणून सरांनी डोस वाढवला, आणि प्रत्येक वेळी आजींनी तो अडकित्त्याने निम्मा केला. कागदावर दहा, पोटात पाच. टेकरीवरच्या बाकीच्यांचे डोस पाहिले तर तिथेही हाच जिना, तीस दिवसांवाल्यांपेक्षा सरसकट वरच्या पायरीवर.

सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "उद्या ही बाई कुठे ॲडमिट झाली तर ते माझा कागद बघून पूर्ण दहा देतील." पाय सुजणं, बीपी एकदम खाली जाणं, चक्कर, पडणं, सत्तरीत खुब्याचं हाड. ओळीने म्हणत गेले. मग मला विचारलं, तुझं मॉडेल यांना काय म्हणत होतं? म्हटलं, "हाय रिस्क, अनियमित." त्यांनी विचारलं, "आणि मी काय म्हणत होतो?" कागदावर त्यांच्याच अक्षरात "गोळी नियमित घ्या" लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा ओढून.

रात्री ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा 'सायन्स'मधला पेपर परत काढला. अमेरिकेत जास्त काळजीची गरज कुणाला आहे हे ठरवायला एक अल्गोरिदम वापरत होते, तो आजाराऐवजी खर्चाचा अंदाज करायचा. कृष्णवर्णीय पेशंटांवर तेवढ्याच आजारपणात खर्च कमी व्हायचा, म्हणून स्कोअर कमी, म्हणून मदत कमी. लेबल सुधारलं तर जादा मदतीला पात्र ठरणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातो असं त्यांनी दाखवलं. हा पेपर मी पुण्यात स्लाइडवर टाकून समजावलाय, दोनदा, टाळ्याही मिळाल्यात. त्यांचा खर्च होता, माझे ४५ दिवस आहेत. स्लाइडवर किती स्वच्छ दिसत होतं सगळं.

६ मार्च, गुरुवार

ट्रस्टींची मीटिंग. एयूसीबद्दल एक अक्षर बोलले नाही, हिस्टोग्राम आणि जीरावनची डबी (आजींकडून मागून आणलेली) दोनच गोष्टी नेल्या. डबी हातोहात फिरली.

मागणी अशी की ज्यांचं बीपी दोन वेळा १४०/९० च्या खाली आलंय त्यांना साठ दिवसांच्या गोळ्या, आणि दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ नुसतं औषधाचं काउंटर, काका आणि सिस्टर, डॉक्टर नाही, फक्त बीपी मोजणं आणि गोळ्या देणं. काही वावगं दिसलं तर सरांना फोन.

एक ट्रस्टी म्हणाले लोक बाजारात विकतील. अम्लोडिपिनची पट्टी विकून कोण बंगला बांधणार आहे कोण जाणे, पण मी गप्प बसले. दुसरे कपड्याचे व्यापारी, त्यांचा हिशेब पक्का, त्यांनी खरा प्रश्न विचारला, "हे लोक पूर्ण गोळी घ्यायला लागले तर आपल्या गोळ्या जास्त लागणार ना?" हो म्हटलं. दहाच्या जागी पाचची दिली तरी नग वाढणारच. मग ते स्वतःच म्हणाले, "याने की अब तक हम बचत में चल रहे थे, इनके बीपी पर." पुढे कुणी फारसं ताणलं नाही. तीन महिने करून बघू असं ठरलं. काकांना जादा तासांचे पैसे मिळणार की नाही हे मात्र मोघमच ठेवलंय, ते मला आवडलेलं नाही.

डेटा एंट्रीचा पोरगा बाहेर म्हणाला, "भिया, मशीन लर्निंग का क्या हुआ?" म्हटलं ते अडकित्त्यात सापडलं.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अर्धं शहर अजून गुलाबी, काकांच्या कानामागे हिरवा. पहिलं संध्याकाळचं काउंटर. सात वाजेपर्यंत चिटपाखरू नाही, मला वाटलं झालं, फसलं. सव्वासातला कारखाने सुटले आणि एकदम रांग. हातात डबे, अंगाला सेवचा वास.

झाबुआ-अलीराजपूरचे बांधकामावरचे मजूर भगोरियाला, होळीआधीच्या आदिवासी जत्रांना, गावी गेले होते, होळी करून परतायला लागलेत. मॉडेलने त्यांनाही "गायब" ठरवलं होतं. कॅलेंडर टाकायला हवं, शाळेचं नाही, सणांचं आणि पिकांचं. सोयाबीन कापणीला पण हेच होत असणार.

सिस्टर आता प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात, "गोली कैसे लेते हो, दिखाओ." "रोज घेता का" विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि ते खोटंही नसतं, रोज अर्धी घेतातच.

आजी सुनेबरोबर आल्या. सरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे पाचची पूर्ण गोळी, कातरायची नाही, चार आठवड्यांनी बीपी दाखवायचं. अडकित्त्याचं काय करू विचारत होत्या. काका म्हणाले सुपारी कातरा.

१७ एप्रिल, गुरुवार

ऊन इतकं की आठ वाजता पण भिंती गरम. टेकरी खाली आली का हे कळायला अजून दोन-तीन महिने जातील, साठ दिवसांच्या गोळ्या देऊन साठ दिवसांनी लोक आले तर ते यश की तोच जुना आलेख, हे नुसत्या अंतरावरून आता कळणारच नाही, हा घोळ मी स्वतःच करून ठेवलाय. त्यामुळे मोजायचं ते बीपी आणि डबीतल्या उरलेल्या गोळ्या. तारखा पुरे झाल्या.

आजींचं बीपी सिस्टरनी नव्या मशीनवर घेतलं, १३८/८४. शेवटी शून्य नाही, मला उगाच आनंद झाला. मागे कागदावर दहा असताना साधारण एवढंच होतं. पूर्ण गोळी घेताय ना विचारलं, हो म्हणाल्या, मग चष्मा पुसून कागद डोळ्यांजवळ धरला, "आधी दहाची अर्धी घेत होते. आता पाचची पूर्ण."

"हो आजी."

"म्हणजे तेवढीच झाली की गं! मग चार महिने तुम्ही सगळे कम्प्युटरवर काय करत होतात?"

काका हसून हसून खोकायला लागले, मागच्या रांगेला हिंदीत सांगावं लागलं.

उद्याची कामं: "गोळी कशी घेता" च्या ड्रॉपडाउनमध्ये "दिवसाआड" आणि "दोघांत वाटून" टाकणे. एसआर गोळ्यांच्या पाकिटावर "तोड़ना नहीं" चा शिक्का करून घेणे. काकांच्या पैशांबद्दल ट्रस्टींना परत फोन. आजींची डबी परत द्यायची राहिलीये, माझ्या बॅगेत आहे.